नळीचा मान

पाणबुड्याने सोबत नळी बाळगावी की नाही, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. ते मी गळ्यापर्यंत पाण्यात असताना सिद्ध केलेले असल्यामुळे त्यावर कोरड्या माणसांशी वाद घालण्याची मला गरज वाटत नाही. मात्र मी राहतो त्या चिखलीत, चाकणच्या आमच्या कंपनीत आणि विशेषतः माझ्या सासुरवाडीत या प्रकरणाच्या ज्या आवृत्त्या प्रचलित आहेत, त्यांत गांधीलमाश्यांची संख्या दर वर्षी वाढत चालली आहे. एका आवृत्तीत तर मी रडत होतो असे म्हणतात. पाण्यात तोंड बुडवलेला माणूस रडत होता हे काठावरून कसे कळले, हा साधा प्रश्नही कोणी विचारत नाही. म्हणून एकदाच, नीट, सांगतो.

आमची कंपनी ब्रेकचे सुटे भाग बनवते आणि मी त्या कंपनीच्या भिंतींवरची वाक्ये बनवतो. आधुनिक कवितेवर दोन वर्षे घालवलेल्या माणसाला औद्योगिक पट्ट्यात याहून निकटची नोकरी मिळत नाही. ‘हात शाबूत, तर घास शाबूत’ हे प्रेसशॉपमधले वाक्य माझे. त्या वाक्याखाली रोज तीन शिफ्टमध्ये नऊशे माणसे जातात. एवढा वाचकवर्ग मराठीत फार थोड्यांना लाभतो. याखेरीज माझ्याकडे ‘सुधारणा सूचना’ हे खाते आहे. कोणतेही काम कमी वेळात कसे होईल, हे कामगारांकडून लिहून घ्यायचे आणि उत्तम सूचनेला स्टीलचा डबा द्यायचा. या खात्याने माझ्या स्वभावात एक दोष निर्माण केला, तो पुढे येईलच.

मेंटेनन्समधल्या कुलदीपने कंपनीत स्कूबा क्लब काढला तेव्हा सहा जणांत माझे नाव पहिले होते. पाण्याखाली मौन असते, आणि मौनाविषयी माझा बराच अभ्यास होता. दर गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, पोहण्याच्या तलावात सराव आणि दिवाळीनंतर तारकर्लीचा समुद्र, असा बेत ठरला. पाठीवर हवेची टाकी, अंगात फुगणारे जाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात टाकीचा रबरी तुकडा. हे सगळे क्लबचे. स्वतःची म्हणून मी एकच वस्तू घेतली. स्नॉर्केल. खालच्या टोकाला वळलेली, वर सरळ उठलेली, हातभर लांबीची निळी नळी. चेहरा पाण्यात ठेवून पृष्ठभागावर तरंगावे आणि या नळीतून वरच्या जगाचा श्वास घ्यावा. एक टोक ओठांत, दुसरे आकाशात. मी ती प्रथम पाहिली तेव्हा विरामचिन्हांच्या खणातून एखादे चिन्ह उठून माझ्याकडे आले आहे असे मला वाटले.

कुलदीपला तसे वाटले नाही.

“भाऊ, पाठीवर टाकी असताना नळी कशाला?” तो म्हणाला. “पाण्याखाली तिचा उपयोग शून्य. कुठंतरी अडकणार, काच ओढणार. उगाच लोढणं.”

“आणि वर आल्यावर? बोट लांब असली, टाकी संपत आली, लाटा तोंडावर आल्या, तर?”

“तर जाकीट फुगवायचं आणि आकाशाकडं बघत पडायचं. तुम्हाला तर तेच आवडतं की राव!”

क्लबमध्ये हशा पिकला. मी गंभीर राहिलो. पुढच्या गुरुवारी माझ्या पिशवीतल्या नळीला एक लाल चिठ्ठी बांधलेली होती. आमच्या कंपनीत जी वस्तू तीस दिवस वापरली जात नाही, तिला लाल चिठ्ठी लागते आणि ती भंगाराच्या कोपऱ्यात जाते. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, शोधणाऱ्याची सही आणि ‘विल्हेवाट’ असा एक थंड रकाना असतो. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत छापलेले असते, ‘नको ते काढा, हवे ते दिसेल’. हे वाक्य माझेच. स्वतःच्या ओळीने स्वतःला असे जखमी केल्याचे उदाहरण माझ्या वाचनात तरी नाही.

मी चिठ्ठी फाडली नाही. घडी करून खिशात ठेवली आणि नळी हाताशी राहील अशी जागा शोधू लागलो, कारण डोक्याला लावली की ती काच ओढते हा कुलदीपचा मुद्दा दुर्दैवाने खरा होता. इथे आमच्या इमारतीतले दौलतराव आले. चिखलीत त्यांचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे आणि जगातील प्रत्येक अडचण ही मुळात ब्रॅकेट नसल्याची अडचण आहे, असा त्यांचा विश्वास आहे.

“पोटरीला लावा की साहेब! तलवार कशी कमरेला, तशी नळी पोटरीला. मी क्लिप करून देतो. माणूस सुटंल, पण नळी सुटायची न्हाई.”

हे त्यांनी शब्दशः खरे करून दाखवले. स्टीलची क्लिप पोटरीच्या पट्ट्यावर बसली, नळी तिच्यात बसली, आणि त्यानंतर दोन माणसे, एक पाना आणि खोबरेल तेल लावूनही ती निघेना. पट्ट्याचे बक्कलही त्याच क्लिपखाली अडकले होते. संध्याकाळी सोसायटीची सभा होती. विषय पार्किंगचा होता, पण सभा माझ्या पायाकडे पाहत होती. “हाडाचं आहे का काही?” असे एका गृहस्थांनी हळुवारपणे विचारले. तिसऱ्या दिवशी, मी जिना उतरत असताना, क्लिप आपण होऊन उघडली.

“सेट व्हायला वेळ घेतीया,” दौलतराव म्हणाले.

मग तलावाचे कार्यालय आड आले. आत नेण्याच्या वस्तूंच्या यादीत टोपी होती, चष्मा होता, टाकीसाठी कुलदीपने वेगळी परवानगी काढलेली होती. पण नळी नव्हती. मी अर्ज केला. एकोणीस दिवसांनी उत्तर आले : ‘सदर नळीतून श्वास पाण्यावर घेतला जातो की पाण्याखाली, याचा खुलासा करावा.’ प्रश्न सुंदर होता. मी चार पाने लिहिली. शरीर पाण्याचे आणि श्वास आकाशाचा, दोन तत्त्वांच्या उंबरठ्यावर उभे असलेले हे साधन, अशी मांडणी केली. त्यावर शेरा आला : ‘खुलासा मोघम आहे.’ मोघम! ज्या परिच्छेदावर मी दोन रविवार खर्च केले, तो मोघम! अखेर मी खिडकीपाशी जाऊन “वर, साहेब, पाण्याच्या वर” असे सांगितले आणि लेखी आदेश मिळाला : ‘नळी जवळ बाळगण्यास हरकत नाही. वापर करू नये.’

“म्हणजे तुम्ही ती फक्त फिरवून आणायची,” माझी पत्नी तनुजा म्हणाली. “आमच्याकडं यात्रेत बैल सजवतात तशी.”

पुढचे अनेक गुरुवार मी नळी पोटरीला बांधून पाण्यात उतरलो आणि न वापरता बाहेर आलो. बाळगणे हीदेखील एक साधना असते.

आता तो चैत्रातला गुरुवार. तनुजाचे माहेर चाकणच्या पलीकडे आहे. गावाच्या तिन्ही बाजूंना आता कंपन्यांची कुंपणे आहेत, चौथ्या बाजूला तुकाई आहे. यात्रेच्या दिवशी देवीचा चांदीचा मुखवटा तिच्या विहिरीच्या काठावर धुतात आणि सूर्य मावळण्यापूर्वी पालखी निघते. मुखवट्याला आंघोळ घालण्याचा मान माझ्या सासऱ्यांच्या, लक्ष्मणरावांच्या घराण्याचा. पालखीला पहिला खांदा देण्याचा मान नानासाहेबांचा. जमिनी गेल्या, त्यांवर गोदामे उभी राहिली, घराघरांत गाड्या आल्या. पण या दोन मानांची अदलाबदल कोणी स्वप्नातही केली नाही. लक्ष्मणराव चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तनुजा त्यांची एकुलती एक. त्यामुळे हा मान पुढे कोणाकडे जाणार, यावर गावात गेली काही वर्षे हलक्या आवाजात चर्चा होती, आणि त्यातला सर्वांत हलका आवाज नानासाहेबांचा होता.

मुखवटा चिंचेने घासतात. त्याला तास-दीड तास लागतो. आणि इथे माझा व्यावसायिक दोष आडवा आला. आदल्या आठवड्यात मी सासऱ्यांना सुचवले होते की चिंचेऐवजी भांड्यांचा बाटलीतला साबण वापरला, तर हेच काम दहा मिनिटांत होईल. माझ्यावरच्या मायेपोटी त्यांनी ऐकले. सूचना यशस्वी झाली. आठव्या मिनिटाला मुखवटा लखलखला आणि नवव्या मिनिटाला त्यांच्या हातातून निसटून विहिरीत गेला.

तो आवाज मी ऐकला. एका घराण्याचा इतिहास पाण्यात पडतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. बुडुक्‌, एवढाच.

विहिरीला पंचवीस फूट पाणी होते. देवीची विहीर उपसायची नाही असा नियम. आणि नियम नसता तरी गुरुवारच्या वीजबंदीमुळे लाईट नव्हती, पंप चालला नसता. तिघे पोहणारे पुढे झाले, तेव्हा नानासाहेबांनी काठी आडवी धरली.

“रीत ठावं हाय न्हवं? ज्याच्या हातनं पडलं, त्याच्याच घरानं काढायचं. सूर्य बुडायच्या आत न्हाई निघालं, तर मान खाली ठेवायचा.”

लक्ष्मणराव सदऱ्याची बटणे काढू लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस लोकांसमोर एकेक बटण काढतो आहे आणि त्याला कोणी थांबवत नाही, हे पाहण्याइतका मी अजून पाषाण झालेलो नाही. माझ्या मनात त्या साबणाची पिवळी बाटली उभी होती.

“मामा, मी जातो,” मी म्हणालो.

“जावईबापू, तुमी ह्यात पडू नका.”

“पडलोच आहे. साबण माझा होता.”

सकाळच्या सरावाहून कुलदीप आणि मी थेट जेवायला आलो होतो आणि सगळे सामान गाडीत होते. टाकी निम्मी भरलेली होती. कुलदीपने मला जाकीट चढवले, कमरेला दोर बांधला. खालच्या पायऱ्या ढासळलेल्या होत्या, त्यामुळे वर येताना ओढून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग त्याची नजर पोटरीकडे गेली.

“ही तरी काढा राव! विहिरीत नळी? इथं कुठली बोट येणार आहे?”

मी क्लिप ओढली. निघेना. कुलदीपने ओढली. निघेना. सूर्य कलत होता. आणि अशा रीतीने, तत्त्वनिष्ठेमुळे नव्हे तर दौलतरावांच्या लेथमुळे, नळी माझ्यासोबत विहिरीत उतरली. हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

खाली अंधार हिरवा होता, मग तपकिरी झाला, मग त्याला रंगच उरला नाही. हातातल्या टॉर्चचा उजेड गढूळ पाण्यात वीतभरही जाईना, म्हणून हातांनी चाचपडत गेलो. एक कळशी सापडली, एक चप्पल, काही नारळ. गाळ इतका मऊ होता की स्पर्शाला काळाचा तळ लागला असे वाटावे. टाकीचा काटा खाली येत होता; भ्यालेला माणूस हवा अधाशासारखी पितो. आणि मग माझ्या तळव्याखाली एक नाक आले. गार, लहान, नेटके नाक. मी गाळ बाजूला केला. टॉर्चच्या उजेडात तुकाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी घासण्याऐवजी नुसते पाहायला आले, असा भाव मला दिसला. त्या क्षणाची कविता मी अजून लिहिलेली नाही. काही गोष्टी खाली ठेवूनच वर यायचे असते.

मी वर आलो, जाकीट फुगवले आणि मुखवटा उंच धरला. काठावर जयघोष झाला. लक्ष्मणरावांनी दोन्ही हात जोडले. मुखवटा वर घेण्यासाठी दोराला बांधलेली टोपली खाली येऊ लागली आणि अर्ध्यावर थांबली.

“थांबा,” वरून नानासाहेबांचा आवाज आला. “जावई घरचा का पाव्हणा?”

प्रश्न घटनात्मक होता.

“घरचाच की!” लक्ष्मणराव म्हणाले.

“मंग लग्नात आहेर त्येला पाव्हण्यांच्या यादीतनं का दिला? म्या सोता बगितलंय.”

“आवो, तवा तो नवा व्हता!”

“नवा-जुना न्हाई. पाव्हण्याच्या हातनं देवी घ्यायची, आन् उद्या गावानं कुणाला इचारायचं?”

मग दोन्ही बाजूंनी दाखले निघाले. कोणा आज्याच्या जावयाने पालखीला हात लावला होता. पण तो घरजावई होता. कोणाचा भाचा चालला होता. पण भाचा रक्ताचा. मी खाली तरंगत होतो. देवी माझ्या छातीशी, पाठीवर लोखंडी टाकी आणि माझ्या नागरिकत्वाचा निर्णय प्रलंबित. “अहो, मला आधी वर तरी घ्या!” असे मी दोनदा म्हणालो. “जावईबापू, तुमचाच इषय चाललाय,” असे उत्तर मिळाले. मी आकाशाकडे बघत पडलो. कुलदीपची पद्धत. त्या वेळी तरी ती मला सोयीची वाटली, हे कबूल करतो.

वीस मिनिटे झाली असतील. शेवटी नानासाहेबांनी “माझा शब्द आखरीचा!” असे म्हणून हातातली काठी कठड्यावर जोरात आपटली. त्या कठड्याच्या आतल्या बाजूला, दोन दगडांच्या मध्ये, गांधीलमाश्यांचे पोळे होते.

आधी वर कोणीतरी किंचाळले. मग पळापळ ऐकू आली. नानासाहेबांचा फेटा एकटाच विहिरीत उतरला. दोर सैल पडला. कुलदीपचे म्हणणे, तो मदत आणायला धावला. आणि मग तो पिवळा, भणभणता ढग खाली माझ्याकडे वळला. विहिरीत जायला जागा नसते. मी काच ओढून घेतली, टाकीचा रबरी तुकडा तोंडात धरला आणि चेहरा पाण्यात घातला. सहा श्वास मिळाले. सातवा जड आला. आठवा आलाच नाही.

माझा हात पोटरीकडे गेला. क्लिप उघडली. अगदी अलगद, फूल खुडावे तशी. दौलतराव आजही सांगतात की त्यांची क्लिप गरज ओळखते, आणि मी त्यांना विरोध करत नाही. नळी तोंडात आली, एक जोरकस फुंकर, आत शिरलेले पाणी कारंज्यासारखे वर उडाले, आणि आकाश माझ्या छातीत उतरले.

बाहेर माझे काय उरले होते? डोक्याचा मागचा भाग, जाकिटाची कड आणि एक निळी नळी. माश्या डोक्यावर घिरट्या घालत होत्या. टाळूवर दोघींनी आपले म्हणणे मांडलेही. पण चेहरा सुरक्षित होता, देवी सुरक्षित होती आणि श्वास चालू होता. लाल चिठ्ठी, मोघम खुलासा, सोसायटीची सभा, सगळे मला त्या पाण्यात स्वच्छ दिसले आणि त्या सगळ्याला क्षमा करावीशी वाटली.

तेवढ्यात जवळच्या पायऱ्यांवर पावले वाजली. अंगावर घोंगडी लपेटून कोणीतरी खाली येत होते.

“अहो!” तनुजाचा आवाज पाण्यातून पोकळ येत होता. “जिवंत आहात का? असाल तर एकदा फुंका!”

मी एकदा फुंकले.

“देवी हातातून सुटली का? सुटली असेल तर एकदा, नसेल तर दोनदा!”

मी दोनदा फुंकले.

“आणि ही नळी माझ्या माहेरी आणल्याबद्दल पश्चात्ताप होतोय का?”

मी इतक्या जोरात दोनदा फुंकले की कारंजे तिच्या अंगावर गेले. ती हसली असावी. ती शेवटच्या शाबूत पायरीवर पालथी झोपली आणि हात लांब केला. बोटे पाण्याला टेकली. मी पाय मारत भिंतीपाशी गेलो आणि तुकाई तिच्या हातात दिली. मग तिने घोंगडीचे दुसरे टोक माझ्या डोक्यावर टाकले आणि वर तोंड करून ओरडली, “काका! नानासाहेब काका! देवी माझ्या हातात हाय. मी घरची का पाव्हणी?”

माहेरची बोली तिच्या तोंडी मी सात वर्षांत पहिल्यांदा ऐकली. बऱ्याच अंतरावरून, बहुधा एखाद्या गोठ्यातून, कान सुजलेल्या नानासाहेबांचा आवाज आला.

“लेक घरचीच की गं! कोन न्हाई म्हनतंय?”

सूर्य मावळायला थोडा अवकाश होता. मुखवटा मुळात लखलखीत होता, त्यामुळे गाळापुरता पुन्हा धुतला. चिंचेने. लक्ष्मणरावांच्या शेजारी तनुजा बसली होती, आणि पुढच्या वर्षापासून आंघोळ ती घालणार, हे कोणी ठरवले नाही, तरी सगळ्यांना कळले. मला दोराने वर काढल्यावर लक्ष्मणराव जवळ आले. आपल्या उपरण्याने त्यांनी आधी नळी पुसली, मग माझे डोके.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती; पण गाव नंतर बैठकीला बसले. ज्या वस्तूने देवीच्या कामात साथ दिली, तिचा यथोचित मान राखलाच पाहिजे, असा ठराव खुद्द नानासाहेबांनी मांडला. कान अजून सुजलेला होता, पण वाणी तीच होती. तेव्हापासून चैत्रात पालखीमागे मी चालतो. माझ्या हातात पितळी ताट असते आणि ताटात हळदकुंकू वाहिलेली नळी. एरवी ती सासऱ्यांच्या देवघरात असते. देवाची वस्तू उष्टी करायची नसते. त्यामुळे तिला पाणी लावायचे नाही, तोंड लावायचे नाही. म्हणजे बाळगण्यास हरकत नाही, वापर करू नये. तलावाच्या कार्यालयाने जे मला अपमान म्हणून लिहून दिले होते, तेच गावाने सन्मान म्हणून दिले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर क्लब तारकर्लीला गेला. बोटीवर सगळे तयार होत होते. माझी पोटरी मोकळी होती. कुलदीप माझ्याकडे पाठ करून पायाशी कसलीतरी खटपट करत होता, बराच वेळ. शेवटी मी वाकून पाहिले. दौलतरावांची क्लिप मी लांबूनही ओळखतो, आणि तिच्यात एक नवी कोरी नळी होती.

“निघत नाहीये राव,” तो म्हणाला.

मी खिशातून ती जुनी लाल चिठ्ठी काढली, उलगडली, ‘विल्हेवाट’च्या रकान्यात ‘देवघर’ असे लिहिले आणि त्याच्या हातात दिली. मग नळीविना, ताठ मानेने, समुद्रात उतरलो.